पवनेच्या पाण्यावर विमान उतरवण्याआधी

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
तसेच
पर्यटन विभाग आणि जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : धरणांच्या जलाशयांवरची सीप्लेन सेवा आणि प्रवाशांची सुटका

महोदय,

स.न.वि.वि.

मध्यंतरी माझ्या भावाने फोनवर एक कात्रण पाठवले. उडान योजनेतून महाराष्ट्रातल्या धरणांवर सीप्लेन येणार, आणि यादीत पवना, धोम, गंगापूर, खिंडसी अशी नावे. खाली त्याने लिहिले होते, "ताई, आता पुण्याहून गाडी करायची कटकट गेली. थेट आपल्या खाचरात उतर."

आपले खाचर म्हणजे आजोबांची भातशेती. ती पवना धरणात बुडाली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. मी हसण्याच्या दोन बाहुल्या पाठवल्या आणि कात्रण पुन्हा वाचले. किती मिनिटांत पोहोचाल, किती रोजगार येईल, हे सगळे होते. विमान पाण्यात उलटले तर आतली माणसे बाहेर कशी येतील, याबद्दल एक ओळ नव्हती. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी माझ्याबद्दल थोडे. मी पवन मावळची माहेरवाशीण. गेली बरीच वर्षे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरला राहते. कामासाठी खाडीपलीकडच्या नानायमोला जावे लागते. बोटीने गेले तर अर्धा दिवस मोडतो, सीप्लेनने वीस मिनिटे लागतात. इथे या विमानात बसण्याचे कुणाला अप्रूप नाही. हातात कॉफीचा पेला घेतलेला सुतार, रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स, एखादा वकील, असे लोक आपल्याकडे एसटीत बसावे तसे येऊन बसतात. तेव्हा हे पत्र विरोधाचे आहे, असे कृपया समजू नये. विरोध करायचा झाला तर माझ्या माहेरची माणसे त्याला समर्थ आहेत. पवनेच्या पाण्यासाठी ती कुठवर जातात हे ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर, पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात, साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

मला सांगायच्या आहेत त्या दोन घटना. दोन्ही विमाने पाण्यावरून उठताना पडली.

पहिली अलास्कातली, १५ सप्टेंबर २०१५ ची. इलियाम्ना नावाचे गाव आहे, त्याच्याजवळ ईस्ट विंड नावाचा तलाव. मासेमारीच्या हौशी पाहुण्यांना घेऊन एका लॉजचे ऑटर जातीचे विमान निघाले. पायलट धरून दहा जण. सकाळचे सहा वाजून गेलेले, पण त्या भागात सप्टेंबरच्या मध्याला त्या वेळी मिट्ट काळोख असतो. विमानतळाला दिवे असतात, तलावाला कसले असणार? खाली काळे पाणी, वर काळे आकाश आणि दोघांमधली रेघ दिसेनाशी. विमान पाण्यावरून उठले आणि लगेचच काठापलीकडच्या माळावर कोसळले. तिघे जण गेले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (त्याला सगळे एनटीएसबी म्हणतात) चौकशी केली. अंधारात निघण्याचा निर्णय चुकला, पायलटला वर-खालीचे भान राहिले नाही, हे मुख्य कारण निघाले. पण अहवालातले दुसरे वाक्य मला जास्त टोचते. निघण्यापूर्वी विमानाचे खरे वजन किती आणि ते नेमके कुठे पडते आहे, याचा हिशेबच झालेला नव्हता. विमानात मर्यादेपेक्षा जास्त भार होता आणि तो मागे गेलेला होता.

बैलगाडीत पोती मागे जास्त पडली की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते. गाडी उलाळली तर उतरून पोती पुढे सरकवता येतात. पाण्यावरून शंभर फूट वर गेलेल्या विमानाचे तसे नाही. शेपूट जड झाले की नाक वर जाते, नाक वर गेले की वेग मरतो, आणि एका ठरावीक क्षणी पंख विमानाला उचलणेच सोडून देतात. वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात. पुरेशी उंची असेल तर नाक खाली घालून सावरता येते. नुकत्याच उठलेल्या विमानाकडे ती उंची नसते.

पाण्यावरून उठणे हे जमिनीवरून उठण्यापेक्षा मुळातच जास्त कष्टाचे आहे, हे आपल्या कार्यालयातल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. पण हे पत्र माझ्या गावचे लोकही वाचतील, म्हणून लिहिते. या विमानांना चाकांऐवजी खाली दोन लांब होड्यांसारखे फ्लोट असतात. सुरुवातीला ते पाण्यात रुतलेले असतात आणि पाणी त्यांना सोडत नाही. इंजिन पूर्ण जोर लावते, नाक वर येते, तुषारांनी खिडकी आंधळी होते, मग हळूहळू फ्लोट पाण्याच्या पृष्ठभागावर चढून घसरू लागतात. फ्लोटच्या तळाला मध्यावर एक पायरी कापलेली असते, तेवढ्या भागावरच विमान तरंगत पळते आणि मग सुटते. गंमत अशी की पाणी अगदी आरशासारखे शांत असेल तर सुटणे अधिक अवघड जाते, कारण गुळगुळीत पाणी तळाला चिकटून राहते. थोड्या लाटा असल्या की खालून हवा शिरते. आपल्या पर्यटन पत्रिकांवर विमानाखाली जे निळेशार आरसपानी पाणी छापतात, त्याचे अनुभवी पायलटला तेवढे कौतुक नसते. फ्लोट पोकळ असतात आणि थोडेफार गळतातही. म्हणून रोज सकाळी पायलट हातपंप घेऊन एकेक कप्पा रिकामा करत बसलेला दिसतो. ज्या दिवशी कुणी ते करणार नाही, त्या दिवशी विमान बादलीभर पाणी घेऊन उडेल आणि ते कुठल्याच कागदावर दिसणार नाही.

दुसरी घटना माझ्या दाराशी घडलेली. २९ नोव्हेंबर २००९, सॅटर्ना बेटावरचे लायल हार्बर. हा तलाव नव्हे, जमिनीत आत घुसलेली खाडी आहे. पण भोवती चढ, मध्ये अडकलेले पाणी आणि डोंगरावरून खाली आपटणारा वारा एवढे पाहिले की मला पवनाच आठवते. दुपारचे चार वाजलेले. बीव्हर जातीच्या विमानात पायलट आणि सात प्रवासी, त्यातले एक सहा महिन्यांचे बाळ. उठल्यावर वळण घेताना वाऱ्याच्या झोताने आणि वळणाच्या कलाने पंखांवरचा भार वाढला, विमान स्टॉल झाले. स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. आणि इथेही, होय, भार मर्यादेपेक्षा मागे गेला होता, त्यामुळे सावरणे आणखी अवघड झाले. विमान पाण्यात पडले.

पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले, आसपासच्या बोटीवाल्यांनी त्यांना उचलले. उरलेले सहा जण आतच राहिले, बाळासह. त्यांचा जीव आपटल्यामुळे गेला नाही. ते बुडाले. चार दारांपैकी दोन धक्क्याने अडकून बसली होती.

कृपया इथे थोडे थांबावे. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ मध्ये अहवाल दिला तेव्हा मागच्या वीस वर्षांची आकडेवारी मांडली. पडून पाण्याखाली गेलेल्या विमानांत जे मेले, त्यांतले सुमारे ७० टक्के बुडून मेले होते. सीप्लेन पडते तेव्हा बहुतेकदा वेग कमी असतो, उंची कमी असते आणि खाली काँक्रीट नसते. त्यामुळे आदळण्यातून माणूस वाचू शकतो. पुढची एक-दोन मिनिटे त्याला मारतात. विमान उलटते, कारण इंजिन आणि पंख वर आणि जड, फ्लोट खाली आणि हलके. फ्लोट आकाशाकडे, माणसे पट्ट्याला उलटी टांगलेली, डोक्याकडून पाणी चढत येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या कार्यालयात नियम आहे, ज्याला कामासाठी वारंवार सीप्लेनने जावे लागते त्याने पाण्याखालून सुटकेचे एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यायचे. गेले. एका तरणतलावात पाइपांचा पिंजरा होता, त्यात विमानातल्यासारखी खुर्ची, पट्टा आणि दार. मला पोहता येते. पवनेत, तेही दादाच्या ट्यूबला न धरता, शिकले आहे. त्यामुळे मनात थोडी गुर्मी होती. प्रशिक्षकाने पिंजरा उलटा केला आणि गुर्मी नाकातोंडातून बाहेर गेली. नाकात पाणी थेट कपाळापर्यंत चढते. वर कुठे हे कळत नाही. हात दार शोधतो तो डावीकडे, दार उजवीकडे असते. मी सगळ्यात आधी काय केले असेल तर पट्टा सोडला. तीच चूक. पट्टा सोडला की माणूस आतल्या आत बुचासारखा तरंगतो आणि दिशा कायमची हरवते. आधी एका हाताने दाराची कडी धरायची, ती सोडायची नाही, दार उघडायचे, मग दुसऱ्या हाताने पट्टा, मग कडीच्या दिशेने स्वतःला ओढून बाहेर. चौथ्या खेपेला, डोळ्यांवर काळा गॉगल असताना, मला ते जमले. पहिल्या खेपेला मी खऱ्या विमानात असते तर हे पत्र लिहायला उरले नसते. तेही कोमट, स्वच्छ, छातीभर पाण्यात, दोन पाणबुडे शेजारी उभे असताना.

म्हणून आता घरी कुणी पाहुणा आला आणि सीप्लेनने फिरायला निघाला की मी त्याला एवढेच सांगते, बसल्या बसल्या कडी कुठे आहे ते बघ, डोळे मिटून दोनदा हात लावून बघ. लोकांना वाटते बाई वेडी आहे. वाटू दे.

आता आपल्याकडे येते.

लायल हार्बरनंतर इथल्या मंडळाने दोन गोष्टी सुचवल्या. एक, दारे-खिडक्या अशा असाव्यात की धक्क्यानंतरही पटकन उघडतील. दोन, प्रत्येकाने तरंगण्याचे साधन अंगावर घातलेले असावे. दुसरी शिफारस नियमात यायला २०१९ उजाडले, लहान व्यावसायिक जलविमानांतल्या प्रवाशांच्या अंगावर ती जॅकेटे २०२० मध्ये आली, आणि पायलटांना सुटकेचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. पहिल्या शिफारशीची सक्ती काही झाली नाही. बीव्हरसाठी बाहेर ढकलता येतील अशा खिडक्या तयार झाल्या, काही कंपन्यांनी आपण होऊन बसवल्या, बाकीचे आपापल्या विवेकावर सोडलेले. कॅनडाला दशक लागले म्हणून आपल्यालाही लागावे असा काही करार नाही. त्यांनी किंमत मोजून शिकलेले आपल्याला फुकट मिळते आहे.

जॅकेटबद्दल मला खास भीती आहे आणि ती सांगतेच. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली आणि गेटवेला सगळे केशरी दिसू लागले. चांगलेच झाले. पण बोटीवर वापरतात ते फोमचे जाडजूड केशरी जॅकेट सीप्लेनमध्ये चालत नाही. विमान उलटून आत पाणी भरले की ते जॅकेट माणसाला वर, म्हणजे विमानाच्या तळाकडे, दाबून धरते. दार खाली राहते आणि माणसाला खाली जाता येत नाही. सीप्लेनसाठी कमरेला बांधायची पिशवी असते, बाहेर पडल्यावर दोरी ओढायची, मग ती फुगते. आतच फुगवली तर काय होते हे १९९६ मध्ये कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन विमानात दिसले. घाईने आत जॅकेट फुगवलेले कित्येक जण बाहेर येऊच शकले नाहीत. आणि मला आपली सरकारी खरेदी माहीत आहे. बोट क्लबच्या निविदेतच दोनशे नग वाढवून घेतले जातील, कुणी विचारले तर 'लाइफ जॅकेट उपलब्ध आहेत' असे उत्तर तयार असेल. आसनाखाली उपलब्ध असलेले जॅकेट उलट्या विमानात शोधून पाहावे अशी मी संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती करते. तरणतलाव बालेवाडीला आहे.

वजनाचे तर खरोखरच सोपे आहे. जेट्टीवर एक काटा ठेवायचा. प्रवासी, पिशवी, लहान मूल, सगळे काट्यावर. इथे माझे वजन दर वेळी विचारतात, आणि कुठे बसायचे हे पायलट सांगतो, मी नाही. आपल्याकडे यावर भांडणे होतील याची मला पूर्ण कल्पना आहे. आमदारसाहेबांना मागे बसा म्हणायचे कोणी? बाईमाणसाला चारचौघांत काट्यावर उभे करायचे कसे? भाजीवाला जसा काट्याचा आकडा आपल्याकडे करतो, तसा तो पायलटकडे करा. पण दोन्ही अपघातांत भार मागे होता हे विसरू नका. काट्याची किंमत विमानाच्या एका टायरएवढीही नसेल. (सीप्लेनला टायर नसतात, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे येतील ती उभयचर असतील, त्यांना असतात. आणि तीही एक गोष्ट लक्षात घ्या. पाण्यावर उतरताना चुकून चाके खाली राहिली तर विमान नाकावर उलटते.)

सगळा धोका पाण्याचाच असतो असेही नाही. ३१ डिसेंबर २०१७ ला सिडनीच्या उत्तरेला कॉटेज पॉइंटहून उठलेले बीव्हर काही मिनिटांत जेरुसलेम बे मध्ये पडले, सहाही जण गेले. चौकशीत निघाले की धुराड्याला तडा होता, इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीतले काही बोल्ट जागेवर नव्हते, आणि तिथून कार्बन मोनॉक्साइड आत येत होता. पायलट गुंगीत होता. चार-दोन बोल्ट. वायू आला की ओरडणारा एक डबा विमानात असता तर कदाचित... असो.

आता पवना. मी वैमानिक नाही, पण ते पाणी मला माहीत आहे.

पवनेचे पाणी वर्षभर एकच नसते. दसऱ्याला धरण काठोकाठ भरलेले असते, तिकोना आणि तुंग दोन बाजूंना पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे. उन्हाळ्यात तेच पाणी इतके खाली जाते की वाघेश्वराचे देऊळ बाहेर येते आणि लोक गाड्या घेऊन दर्शनाला जातात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जी धावपट्टी आहे तिच्यावर एप्रिलमध्ये देवळाचा कळस असतो. देऊळ दिसते तरी. न दिसणारे बरेच आहे. घरांचे चौथरे, शेताचे दगडी बांध, विहिरींची कठडी, चिंचेचे आणि आंब्याचे बुंधे. पाणी ओसरताना प्रत्येक आठवड्याला यातले काहीतरी पृष्ठभागाच्या वीतभर खाली येऊन थांबते. फ्लोटचा पत्रा पातळ असतो. समुद्रात भरती-ओहोटीचे तक्ते असतात. आमच्या बुडालेल्या गावांचा तक्ता जलसंपदा खात्याकडे असेल तर तो विमान कंपनीच्या हाती जायला हवा, आणि नसेल तर आधी तो करायला हवा. पाण्याची पातळी ठरावीक आकड्याखाली गेली की त्या दिवसापासून उड्डाण बंद, हे कागदावर लिहिलेले असायला हवे. तो निर्णय तिकिटे विकणाऱ्याच्या हाती नसावा.

वाऱ्याचेही तसेच. पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून खाली येतो आणि तुंग-तिकोनाच्या आडोशाला त्याचे भोवरे होतात. लहानपणी आमची होडी एका बाजूला शांत पाण्यात असे आणि दहा वल्ह्यांवर अचानक वारा तोंडावर येई. होडी वळते. उठू पाहणाऱ्या विमानाला वळायला पाणी किती उरले असेल? त्यात उंची सहाशे मीटरच्या आसपास, उन्हाळ्यातली तापलेली विरळ हवा, म्हणजे उठायला पाणी जास्त लागणार, आणि नेमके तेव्हाच पाणी आटलेले. सकाळी लवकर उडावे तर पाणी आरशासारखे आणि धुके. दुपारी वारा. या सगळ्यातून जे तास उरतात तेवढेच तास वेळापत्रकात असू देत.

शिवाय पवनेवर आता आम्ही एकटे नाही. शनिवार-रविवारी काठाने तंबूंची रांग, पाण्यात कयाक, पायडल बोटी, स्पीकर लावलेले तराफे. मासेमाऱ्यांची जाळी तर रात्रभर पाण्यातच असतात. व्हँकुव्हरचे कोल हार्बर हे जगातल्या गजबजलेल्या पाण्यातल्या विमानतळांपैकी एक. तिथे वाहतूक नियंत्रणाचा मनोरा आहे, सीप्लेनसाठी राखलेला पट्टा आहे, बोटींना सूचना आहेत. तरी ८ जून २०२४ ला उड्डाण घेणारे बीव्हर एका बोटीवर आदळले. माणसे जखमी झाली, सुदैवाने जीव गेला नाही. माझी नेहमीची जेट्टी तीच. मनोरा असताना हे होते. पवनेवर मनोऱ्याच्या जागी शिट्टीवाला एक होमगार्ड उभा करून भागणार नाही.

आणि अपघात झालाच तर पाण्यात उतरणार कोण? आज पवनेत कुणी बुडाले की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरे आणि गावातले पोहणारे धावतात. जिवावर उदार होऊन उतरतात, पण ती घरून निघून, गाडी काढून, घाटरस्त्याने येतात. तोवर बहुतेक वेळा शोध मृतदेहाचाच असतो. सीप्लेनमध्ये अडकलेल्या माणसाकडे फक्त मिनिटे असतात. प्रत्येक उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी इंजिन चालू ठेवलेली एक बोट पाण्यात, तिच्यात दोन प्रशिक्षित पाणबुडे, पट्टा कापायची सुरी, काच फोडायचे साधन, एवढे तरी हवे. ही नोकरी गावातल्या कोळ्यांना आणि ठाकरांच्या पोरांना द्या. त्यांना पाणी माहीत आहे. रोजगाराचा आकडा मग खरा तरी होईल.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ही सेवा आपल्याकडे येते आणि जाते. अंदमानात २०१० च्या अखेरीस जलहंस आले, काही वर्षांनी थांबले. २०१४ मध्ये जुहूहून पवनेवर विमान उतरले तेव्हा गावात जत्रा भरली होती, वडिलांनी फोनवरून आवाज ऐकवला होता. तेही थांबले. २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर प्रात्यक्षिक झाले. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमतीहून केवडियाची सेवा सुरू झाली. त्यासाठी तिथल्या तळ्यातल्या मगरी आधीच पकडून हलवल्या होत्या, आणि २०२१ मध्ये सेवा बंद पडली. मगरींना परत बोलावले की नाही ठाऊक नाही. पैसे सुटत नाहीत म्हणून बंद पडते, हा ज्याचा त्याचा धंदा. मला काळजी आहे ती वेगळी. सीप्लेनची सुरक्षा माणसांच्या सवयीत असते. पायलटला त्या पाण्याची सवय, बोटवाल्यांना त्या आवाजाची सवय, सुटकेच्या बोटीला सरावाची सवय. दर तीन वर्षांनी नारळ फोडून नव्याने सुरू होणाऱ्या सेवेत कुणालाच कसली सवय होत नाही. मग बाहेरून आलेला पायलट परक्या धरणावर उतरतो, मंत्रिमहोदय आत, काठावर ढोल, आणि 'आज वारा बरा नाही' असे म्हणायची हिंमत त्याला कुठून यायची? ईस्ट विंड तलावावरच्या त्या पायलटलाही कुणी अंधारात उड म्हणून बंदूक लावली नसेल. पाहुणे तयार होते, नाश्ता झाला होता, एवढेच पुरते.

उद्घाटनाच्या दिवशी पायलटने 'नाही' म्हटले तर कार्यक्रम रद्द होईल आणि त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असे लेखी आदेश आपण काढू शकाल का? मला वाटते माझ्या सगळ्या मागण्यांत हीच सगळ्यात अवघड आहे.

मी एप्रिलच्या शेवटी माहेरी येते आहे. तेव्हा वाघेश्वराच्या पायऱ्या उघड्या असतील. आपल्या खात्यांतले जे कोणी या धरणाची पाहणी करणार असतील त्यांनी त्या आठवड्यात जरूर यावे, जेवायला घरीच या. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. पाण्याखाली कुठे कोणाची विहीर, कुठे कोणाचा बांध, कुठल्या चिंचेचा बुंधा पाणी किती उतरल्यावर दिसतो, हे ते होडीत बसून बोटाने दाखवतात. सोबत कागद-पेन्सिल आणावी. ते एकदाच सांगतात.

कळावे,

आपली,
पवन मावळची एक माहेरवाशीण,
सध्या मुक्काम व्हँकुव्हर